आखणी चालू असताना

तारीख १ जुलै, मंगळवार. ठिकाण पेण, आमचा कारखाना. हजर : दादा, वहिनी, बेबी आणि मी. गैरहजर : कोणी नाही. पाऊस : चालू.

अशी नोंद केल्याशिवाय मला दिवसाला सुरुवात करता येत नाही. नवरा म्हणतो, लग्नाच्या मांडवातसुद्धा तू हजेरी घेतलीस. घेतली होती. म्हणून तर भटजी आलेले नाहीत हे वेळेत कळलं.

पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. धुराडी, भोंगा आणि शिफ्ट डोलवीला, पोलादाच्या कारखान्यात. आमच्याकडे कौलाखाली लांबच लांब फळ्या, फळ्यांवर गणपती, आणि खाली बसायला गोणपाट. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वडिलांनंतर कारखाना त्याने चालवला. वहिनी घर आणि कारखाना दोन्हीकडे असते. बेबी गडब गावची, परकर-पोलक्यात असल्यापासून रंगकामाला येते, आता तिच्या मुलीचं लग्न झालं. मी रोह्याला दिलेली. तिथल्याच एका लहान कंपनीत नोकरी करते आणि हंगामात रजा काढून चार दिवस माहेरी येते. आले की आधी फळ्या पुसते, मग रंगांच्या वाट्या एका ओळीत लावते, आणि मग बेबी त्या पुन्हा आपल्या मनासारख्या विस्कटते.

हंगाम परत आला की सगळ्यात आधी वास येतो. ओल्या शाडूचा, खळीचा, आणि दमट हवेत न सुकणाऱ्या पांढऱ्या रंगाचा. पावसाळ्यात कारखान्यात उजेड दुधी असतो. छपराच्या प्लास्टिकवर पाणी साठतं, बांबूने वर ढकललं की धबकन अंगणात पडतं. पांढरे गणपती ओळीने बसलेले असतात. सोंड आहे, कान आहेत, हातात मोदक आहे, पण डोळे नाहीत. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. दादा म्हणायचा, "घाबरते काय शमे, त्यांना तू कुठं दिसतेस अजून?"

डोळे काढणं म्हणजे आखणी. आमच्या घरात ती एकाच माणसाने करायची. आधी आजोबा, मग वडील, मग दादा. बाकी कारखाना कितीही गोंगाटात असो, दादा नुसतं "बसतो" म्हणाला की दाराजवळ जो असेल त्याने मेन स्विच खाली करायचा. ही रीत वडिलांच्या वेळची. पंख्याच्या वाऱ्याने केसाएवढी रेघ ब्रशच्या टोकावरच सुकते म्हणून पंखा बंद. मग रेडिओ आला, तोही बंद. पुढे घरात मिक्सर आला. एकेक बटण शोधत बसण्यापेक्षा मेनच खाली, म्हणजे सगळं गप्प. दिवा लागत नाही, कारण आखणी दिवसाउजेडीच होते, दाराकडे तोंड करून. त्या वेळी कोणी हाक मारत नाही. बेबीला दम्याचा खोकला आहे, तीसुद्धा पदर तोंडात कोंबून बसते.

उजवा डोळा आधी, मग डावा. मधे उठायचं नाही. वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळ, आणि शेवटी त्यात पांढरा ठिपका. ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. मी एकदा विचारलं होतं, मधे का उठायचं नाही? दादा म्हणाला, "उजवा काढला की डावा हाताला ठाऊक असतो. तेवढाच वेळ असतो. मग हात विसरतो."

मला त्या वेळी हे ऐकायला छान वाटलं, एवढंच.

*

ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे, तो काही वर्षांपूर्वीचा. उन्हाळ्याच्या अखेरीस दादाला चष्म्याचा नंबर काढायला पनवेलला नेलं. नंबर राहिला बाजूला, डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस वाळत जाते, नजर कडांकडून आत आत मिटत येते. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली धरून ठेवायला थेंब, सकाळ, दुपार, संध्याकाळ, ठरलेल्या वेळी, न चुकता. मी सगळं लिहून घेतलं. दादा भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बुबुळ चुकीचं काढलंय त्यांनी."

थेंबांचं काम वहिनीकडे आलं. सकाळचा थेंब जमायचा, संध्याकाळचाही जमायचा. दुपारी दादा आखणीला बसलेला असायचा. मेन खाली, सगळे गप्प. वहिनी बाटली मुठीत धरून उंबऱ्याशी उभी राहायची. हाक मारायची नाही, पुढे जायचं नाही. एक गणपती झाला की दादा मान न वळवता दुसरा पुढे ओढायचा. आत भात करपायला लागला की वहिनी बाटलीसकट परत जायची. नंतर तिला आठवायचं, तेव्हा दादा म्हणायचा, "आत्ता नको. हात लागलाय."

"वन्सं, तुम्ही सांगा त्यांना," वहिनी मला फोनवर म्हणायची. "माझं ऐकत नाहीत."

"माझं कधी ऐकलं?"

"तुमचं ऐकल्यासारखं तरी करतात."

याच दिवसांत रोह्याला माझ्या टेबलावर जे काम होतं ते सांगायला हवं. आमची कंपनी रसायनांच्या टाक्यांवर बसवायच्या नियंत्रक पेट्या बनवते. पेटीत एक छोटा संगणक असतो आणि त्यात आम्हीच लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, मी आणि कदम असे दोघांनी उभा केलेला. कदम माझ्याहून लहान, रोह्याशेजारच्या अष्टमीचा, बोलायला तिखट आणि कामाला पक्का. कर्नेलचं काम म्हणजे वाटणी करणं. टाकीची पातळी मोजणारं एक काम, झडप उघडणारं दुसरं, आकडा दाखवणारं तिसरं, प्रोसेसर एकच. नळावर हंड्यांची रांग असते तसं. आपला हंडा भरला की उचलायचा आणि पुढच्याला जागा द्यायची.

आमच्या कर्नेलमध्ये ही रांग भलेपणावर चालत होती. हंडा उचलणं ज्याचं त्याच्यावर. एखादं काम अडकून बसलं, बिघडलेल्या सेन्सरच्या उत्तराची वाट बघत राहिलं, की मागचे सगळे उभेच. कर्नेल स्वतःसुद्धा त्याला उठवू शकत नव्हता, कारण उठवायला त्याची स्वतःची पाळी यायला हवी. वहिनीसारखा बाटली मुठीत धरून उंबऱ्याशी उभा राहायचा.

यावर उपाय टायमरचा. बोर्डावर एक बारीक चिप असते, ती ठराविक अंतराने ठोका देते. ठोका पडला की प्रोसेसरने हातातलं काम तिथेच टाकून कर्नेलकडे यायचं, ही सक्तीच. मग कर्नेल बघतो, कोण फार वेळ बसलाय, कोणाची ठरलेली वेळ झाली, आणि पाळी फिरवतो. चिप आधीपासून बोर्डावर होती, पण तिचा ठोका ऐकायची सोय आमच्या कर्नेलमध्ये नव्हती. ती करायचं काम त्या उन्हाळ्यात निघालं. कदम म्हणाला, "मॅडम, आता कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. ऊठ म्हटलं की उठायचं."

मी त्याच संध्याकाळी पेणची बस धरली. नागोठणं गेलं, गडब गेलं, डोलवीचे दिवे दिसायला लागले, तोवर माझ्या मनात यंत्र तयार झालं होतं. आमचाच जुना बोर्ड, आमचाच कर्नेल, त्यात नवीन टायमर. ठरलेलं अंतर झालं की घंटा. बाजारात गजराची घड्याळं काय कमी आहेत, असं नवरा म्हणाला. गजराचं घड्याळ दादाने आधीच उशीखाली कोंबलेलं होतं. माझी घंटा थेंब घालून बटण दाबेपर्यंत वाजत राहणार होती.

*

माझ्या यंत्राची डबी बसवली त्या दिवशी कारखान्यात समारंभ झाला. दादाने स्वतः स्विचबोर्डाशेजारी खिळा ठोकला. बेबीने डबीला हळदकुंकू लावलं. वहिनीने सुटकेचा श्वास टाकला, तो मी ऐकला. दादा म्हणाला, "शमीने आता मला कंपनीत घेतलं. भोंगा झाला की उठायचं."

पुढच्या वेळी आले तेव्हा विचारलं, वाजते का नीट?

"नाय," बेबी म्हणाली. "मुकी हाय."

"एकदाही नाही वाजली?"

"कशी वाजंल? कुंकू लावल्यापासून गप्प बसलीय. नवी नवरी हाय जशी."

रोह्याला टेबलावर ती न चुकता वाजत होती. मी डबी उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "बसतो." बेबी सहज उठली आणि तिने मेन खाली केला. पंखा थांबला, आणि डबीवरचा हिरवा दिवा माझ्यासमोर विझला.

मी आखणी संपेपर्यंत तोंड मिटून बसले. मग म्हटलं, "बेबी, ही डबी रोज अशीच बंद होते?"

"मग? मेन म्हंजी मेन. तुमच्या डबीला काय निराळा मान हाय?"

आमच्या कर्नेलला घड्याळ असं नव्हतंच. वीज आली की तो जागा होई आणि शून्यापासून ठोके मोजायला लागे. त्याच्या लेखी जग त्याच क्षणी सुरू झालेलं. दादा दिवसातून कितीदा तरी आखणीला बसायचा आणि तितक्यांदा माझी डबी नव्याने जन्माला यायची. घंटा वाजवण्याएवढं वय तिला कधी मिळतच नव्हतं. टायमर चोख होता. त्याला वीज देणारं घर आमचं होतं, आणि आमच्या घराची रीत मला जन्मापासून ठाऊक होती. रोह्याला टेबलाशी बसले की ती मला आठवत नव्हती, इतकंच.

वहिनी हसायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की डबी आल्यापासून ती दुपारी उंबऱ्याशी उभी राहिलेलीच नाही. तिचं हसू अर्ध्यात राहिलं. दादाच तिला म्हणाला, "जाऊ दे गो. मी तरी कुठं उठणार होतो?"

रोह्याला नेऊन डबीत सेल बसवला. आता मेन खाली असला तरी ती जिवंत राहायची. परत आणून त्याच खिळ्याला लावली.

पहिली घंटा वाजली तेव्हा दादा आखणीवर होता. त्या कारखान्यात आखणी चालू असताना आवाज झाल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. बेबीच्या हातून वाटी सांडली. वहिनी आतून धावत आली. दादाचा हात तसूभर हलला नाही. पापणीची रेघ त्याने शेवटपर्यंत नेली, ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि म्हणाला, "वाजू दे."

वाजत राहिली. आखणी संपली, तेव्हा त्याने उठून बटण दाबलं.

*

मग ते रोजचंच झालं. घंटा वाजायची, दादा आखत राहायचा. शेजारच्या कारखान्यातले लोक घंटा ऐकून चहा ठेवायला लागले. बेबी म्हणायची, "सगळं पेण उठतं घंटेला, आमचा दादा सोडून."

मी काय काय केलं ते त्या वर्षीच्या वहीत आहे. घंटेचा आवाज बदलला. मग कर्कश केला. मग दादाला आवडेल म्हणून देवळातल्या घंटेसारखा केला. डॉक्टरांकडून त्याला पुन्हा बोलून घेतलं. नवऱ्याकडून, म्हणजे घरच्या जावयाकडून, सांगून बघितलं. फळ्यांच्या कोपऱ्यांना लाल फडकी बांधली, कारण तो कोपऱ्यांना धडकायला लागला होता. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे. इतक्या खुणा असलेली यादी माझ्याकडे दुसरी नाही, आणि तिचा इतका कमी उपयोग झालेलीही दुसरी नाही.

रोह्याला तेव्हा निराळाच घोळ चालू होता. टायमरची सोय झाली, ठोका पडला की प्रोसेसर उठत होता, पाळी फिरत होती. पण मधूनच एखाद्या टाकीचा आकडा भलताच दिसायचा. अर्धी भरलेली टाकी रिकामी दिसे, आणि पुन्हा बघावं तर बरोबर. ठोक्याने कामातून उठवलेला प्रोसेसर परत त्याच कामावर जातो, तेव्हा त्याला जिथे सोडलं तिथूनच पुढे जाता यायला हवं. कुठल्या ओळीवर होता, हातात कोणता आकडा होता, हातचा किती घेतला होता, हे सगळं उठण्याआधी बाजूला नीट मांडून ठेवायचं आणि परतताना जसंच्या तसं त्याच्या हातात द्यायचं. आमच्याकडून त्यातलं काहीतरी एक सुटत होतं. ठोका नेमक्या त्या जागी पडला तरच चूक व्हायची, एरवी सगळं सुरळीत. त्यामुळे ती पकडता येईना.

"हा परत येतो, पण येताना काहीतरी विसरून येतो," कदम म्हणाला. "आमच्या मेव्हण्यासारखा. बाजारात पाठवा, घरी येतो, पिशवी तिकडंच."

सापडलं शेवटी. बेरजेतला हातचा बाजूला ठेवायचा राहून जात होता. एक ओळ वाढवली आणि सगळं जागेवर बसलं. कदमने भजी आणली. खिडकीतून कुंडलिका नदीचं गढूळ पाणी दिसत होतं, भजी गरम होती, काम संपलं होतं. इतकी निखळ समाधानाची दुपार त्या सबंध हंगामात मला दुसरी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेणला होते. दादा हातात गणपती घेऊन फळीकडे निघाला आणि डाव्या खांद्याने सरळ फळीवर गेला. हातातला सांभाळला त्याने, पण फळीवरचा एक खाली आला आणि त्याची सोंड निखळून माझ्या पायाशी पडली. दादा वळून फळीकडे बघत राहिला.

"ही फळी हितं कधी लावली?" त्याने विचारलं.

ती फळी वडिलांनी लावली होती. दादा स्वतः तिच्याखाली खेळून मोठा झाला होता. वहिनीने बेबीकडे बघितलं, बेबीने जमिनीकडे. मी सोंड उचलून ओल्या फडक्यात गुंडाळली.

मग मी बोलले. "दादा, एकदा घंटेला ऊठ."

"बघू."

"बघू नको. ऊठ. आखणी परत करता येते. डोळे परत येत नाहीत."

"कोणाचे?" तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही, हे त्याला दिसलं. समोरचं त्याला अजून नीट दिसत होतं. "बरं गो," तो म्हणाला. "रडू नको. उठतो."

*

घरच्या गणपतीची आखणी दादा एखाद्या मोकळ्या दुपारी करतो. गिऱ्हाइकांच्या गणपतींची घाई असते, ह्याची नसते. त्या दुपारी पाऊस थोडा उघडला होता आणि दारातून बरा उजेड आत येत होता. "बसतो," दादा म्हणाला. बेबीने मेन खाली केला. मी दाराच्या कडेला, त्याचा उजेड अडणार नाही अशी उभी.

उजवा डोळा झाला. मी आयुष्यभर त्याची आखणी बघत आले, पण इतका शांत डोळा त्याच्या हातून उतरलेला मला आठवत नाही. पापणी किंचित जड, सकाळी नुकतं जाग आलेल्या माणसासारखी. पांढरा ठिपका पडला. दादाने ब्रश डाव्या डोळ्यापाशी नेला, आणि घंटा वाजली.

त्याचा हात हवेत थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग ब्रश वाटीवर आडवा ठेवला आणि उठला.

वहिनीला इतकं अनपेक्षित होतं की तिला बाटली सापडेना. सापडली. दादा खुर्चीत मान मागे टाकून बसला, तिने थेंब घातले, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याने नाकाच्या बाजूने डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला. मी बटण दाबून घंटा बंद केली. बेबी माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. आम्हाला वाटलं, जमलं.

तो परत येऊन बसला. थेंबांमुळे डोळ्यांतून पाणी येत होतं. "दुधातून बघितल्यासारखं दिसतं," म्हणाला. थोडा थांबला. पाणी पुसलं. ब्रशचं टोक वाळलं होतं, ते पुन्हा ओलं केलं. डाव्या डोळ्यापाशी नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं.

"कुठं होतो मी?" त्याने विचारलं.

"डावा, दादा," बेबी हळूच म्हणाली. "डावा काढायचा हाय."

"ते दिसतंय मला. मी कुठं होतो?"

रोह्याला असते तर मी सांगितलं असतं : ही ओळ, हा आकडा, हा हातचा. उजव्या पापणीचं ते जडपण त्याच्या मनगटात कुठे होतं आणि उठताना ते कुठे गेलं, हे बाजूला मांडून ठेवायची सोय आमच्यापैकी कोणालाच करता आली नसती. दादाने ब्रश पाण्याच्या वाटीत सोडला. पाण्यात काळी रेघ सुटली, वळली आणि विरघळली.

"मेन लाव," तो म्हणाला.

त्या चतुर्थीला घरात फळीवरचा दुसरा गणपती बसला. हा तसाच राहिला. एका डोळ्याच्या मूर्तीची पूजा करता येत नाही. पूजा झाली नाही म्हणून विसर्जन करता येत नाही. आणि ज्याचा उजवा डोळा आपल्याकडे बघतोय त्याला मोडून पुन्हा माती करायला आमच्या घरात कोणाचा हात धजत नाही. दादाने त्याला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून वर वर्तमानपत्र टाकलं.

गंमत अशी की त्या दिवसापासून दादा घंटेला उठायला लागला. कधी चुकला नाही. घंटा व्हायच्या आधी आखणी पुरी होईल अशा बेताने बसायचा, नाहीतर बसायचाच नाही. वहिनीचे थेंब वेळेवर जाऊ लागले. तपासणीला आम्ही मोठ्या तोंडाने गेलो. डॉक्टरांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, औषध नीट घेऊनही काहींचं थांबत नाही. मी विचारलं, आधीचे थेंब चुकले म्हणून का? म्हणाले, सांगता येत नाही. मी तेही लिहून घेतलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं. नजर मिटत आली ती आलीच. आधी फळ्या गेल्या, मग दाराच्या चौकटी, मग समोर बसलेल्या माणसाचे खांदे.

*

आता दादा दाराजवळ खुर्चीवर बसतो. समोर बोगद्याच्या तोंडाएवढा उजेड शिल्लक आहे म्हणतो. त्यासाठी घंटा अजून वाजते आणि वहिनी अजून थेंब घालते. आखणी बेबी करते. दादाने दोन हंगाम शेजारी बसून तिला शिकवलं. तिने नाही नाही म्हणत ब्रश धरला आणि आता गिऱ्हाइकं तिच्या हातचे डोळे मागून नेतात. "बसते" म्हणते आणि मेन खाली होतो. घंटा झाली तरी ती उठत नाही. तिला उठायला कोणी सांगतही नाही.

वरच्या फळीवरच्या गणपतीबद्दल मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नाय ताई. त्याचा उजवा दादाचा हाय. माझा डावा त्याच्या बाजूला परका वाटंल. मी नाय हात लावणार."

आज, म्हणजे एक जुलैला, मी आले तेव्हा पहिल्यांदा दादाच म्हणाला, "शमे, तो वरचा काढ गो खाली."

मी स्टूल घेतलं. वर्तमानपत्र काढलं, मूर्ती खाली आणली, दारासमोर पाटावर ठेवली. दादा खाली गोणपाटावर बसला. बसताना वहिनीने हाताला धरलं, ते त्याने चालवून घेतलं. त्याने मूर्तीच्या कपाळावर बोट ठेवलं, सोंडेवरून खाली आणलं, मग उजव्या डोळ्याच्या कडेने, रंगाला न लावता, फिरवलं.

"कसा झालाय?"

"चांगला झालाय," बेबी म्हणाली. "एवढा चांगला मला अजून नाय जमला."

"जड झालाय ना जरा?"

"व्हय. जरासा."

"तसाच पाहिजे," दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बसतो."

इतक्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून आला. बेबी उठली आणि तिने मेन खाली केला. पंखा थांबला, पावसाचा आवाज जवळ आला. वहिनी उंबऱ्याशी उभी राहिली. मी डबीकडे गेले. घंटेची वेळ जवळ आली होती. मीच लिहिलेला कर्नेल, मीच घातलेला टायमर, मीच बसवलेला सेल. झाकण उघडून मी सेल काढला आणि मुठीत धरला. हिरवा दिवा विझला.

बेबीने ब्रश ओला करून त्याच्या हातात दिला. दादाने डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, जागा धरण्यासाठी, पूर्वी धरायचा तशीच. ब्रशचं टोक कोऱ्या मातीपासून तांदळाएवढं दूर होतं. हात कापत नव्हता. मला वाटलं, आता. बेबीने पदर तोंडात धरला. प्लास्टिकवर साठलेलं पाणी आपोआप अंगणात पडलं आणि तो आवाजसुद्धा त्याने अंगावर घेतला नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मोजणारं जे होतं ते माझ्या मुठीत होतं.

मग त्याने ब्रश खाली आणला आणि अंदाजाने वाटी शोधायला लागला. बेबीने वाटी पुढे सरकवली.

"आज उजेड नाय," दादा म्हणाला.

दारातून भरपूर उजेड येत होता. "नाय ना," बेबी म्हणाली. "पावसाचं असंच हाय. उद्या बघू." वहिनीने मेन लावला. पंखा फिरायला लागला. मी मूर्ती उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि या वर्षीचं वर्तमानपत्र तिच्यावर टाकलं. दादाने विचारलं, "घंटा झाली नाय गो अजून?" मी म्हटलं, होईल.

आजची कामं. फळ्या पुसल्या. वाट्या लावल्या. लाल फडकी बदलली. थेंबांची नवी बाटली आणली. डबीत सेल परत बसवला, मोजणी शून्यापासून सुरू. डावा डोळा.